मिल रोडच्या फुटपाथचा अर्ज

कॅनडातल्या डनफोर्ड मिल्स गावच्या टाऊन कौन्सिलने गेल्या चौदा वर्षांत काय काय ठरवलं, हे पास्कल तुस्कानोला झोपेतून उठवून विचारलं तरी तो तारखेनिशी सांगेल. कुंपण किती फूट उंच असावं, परसात कोंबड्या किती पाळाव्यात, कुत्र्याला दोरी लावल्याशिवाय पार्कात न्यावं की नाही, सगळं त्याला तोंडपाठ. कोण काय बोललं ते मात्र तो सांगणार नाही. कौन्सिलच्या मीटिंगांचे मिनिट्स लिहिणं हे त्याचं काम, आणि मिनिट्समध्ये लोकांची बडबड लिहायची नसते. ठराव कोणी मांडला, कोणी सेकंड केला म्हणजे अनुमोदन दिलं, आणि तो कॅरीड म्हणजे मंजूर झाला का, एवढंच. कोंबड्यांवरून दोन कौन्सिलर एकदा हातघाईवर आले होते. पास्कलने त्याची दीड ओळ केली. त्या दीड ओळीचा त्याला अजून अभिमान आहे.

हा अभिमान त्याने कमावलेला होता, हे मी मान्य करतो. वसईजवळच्या गिरीज गावचा हा माणूस. मुंबईत सरकारी कचेरीत कारकुनी करून एकोणचाळिसाव्या वर्षी बायको क्रिस्टासह कॅनडात आला. पहिल्या हिवाळ्यात गोदामात खोकी उचलली, दुसऱ्या हिवाळ्यात मॉलमध्ये सिक्युरिटीचा कोट घातला. त्या दोन वर्षांत नवराबायको राहत होते युनिसबायच्या बेसमेंटमध्ये. युनिसबाय म्हणजे वसईकडच्याच नंदाखाल गावची युनिस परेरा, पास्कलहून दहा वर्षांनी मोठी, तेव्हाच विधवा झालेली. भाडं तिने कधी मागितलं नाही, आणि पास्कल कामावरून यायच्या वेळेला वरच्या किचनमधून मासळीच्या कढीचा वास खाली येईल अशा बेताने ती स्वयंपाक करायची. पुढे काही वर्षांनी टाऊन हॉलमध्ये क्लार्कची जागा निघाली तेव्हा ‘अप्लाय कर रे, तुझं अक्षर चांगलं आहे’ असं म्हणून तिनेच त्याला ढकललं. तोपर्यंत जगात सगळे टाइप करायला लागले होते ही गोष्ट वेगळी. पण जागा मिळाली.

एकसष्टाव्या वर्षी पास्कलला वाटत होतं, आता चार वर्षांनी रिटायर व्हायचं आणि मागे कोणाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही. एवढी साधी इच्छा. पण देवाला साधी इच्छा दिसली की त्याला गंमत सुचते.

गावाच्या एका टोकाला सेंट ॲनचं चर्च आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तिथे मराठी मिस्सा होते, आणि आसपासच्या गावांतून वसई-ठाण्याची पाऊणशे माणसं जमतात. चर्चपासून टाऊनहाऊसांच्या वस्तीपर्यंतचा किलोमीटरभराचा रस्ता म्हणजे मिल रोड. त्या वस्तीत आपली बरीच म्हातारी माणसं मुलांकडे राहतात. मुलं कामावर, गाड्या मुलांकडे, तेव्हा म्हातारी मंडळी चालत येणार. आणि मिल रोडला फुटपाथ नाही. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला मातीची कड. हिवाळ्यात बर्फ ढकलणारा ट्रक सगळा बर्फ त्या कडेवर लोटतो, मग चालणाऱ्याने जायचं कुठून, तर गाड्यांमधून.

युनिसबायने ऑक्टोबरात यावर कंबर कसली. रोझरीचा महिना, चर्चच्या खालच्या हॉलमध्ये कॉफी चाललेली. तिने फुटपाथचा अर्ज लिहिला आणि टेबलाटेबलाने फिरली. आपल्या बायका कशा असतात तुम्हाला ठाऊक आहे. एकीने चष्मा आणला नव्हता, दुसरीच्या हातात नातू होता, तिसरी म्हणाली, ‘तूच लिही गो माझं नाव, आमच्या घरातल्या पाचांचं लिही.’ गावी घरातल्या मोठ्याने सही केली की सगळ्या घराची झाली, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. युनिसबायने शाळेत गिरवलेल्या सुंदर अक्षरात सेहेचाळीस नावं लिहिली, प्रत्येकापुढे घराचा पत्ता लिहिला, आणि सोमवारी सकाळी टाऊन हॉलच्या खिडकीशी जाऊन कागद पास्कलच्या हातात दिला.

‘हे घे बाबा,’ ती म्हणाली. ‘बजेटच्या आधी द्यायचं असतं ना? बघ, वेळेत आणलंय.’

‘वेळेत आहे, युनिसबाय,’ पास्कल म्हणाला. ती गेल्यावर त्याने कागद उलगडला. सेहेचाळीस नावं, अक्षर एकच. नियम असा, की प्रत्येकाने आपल्या हाताने सही करायची. एका हाताने लिहिलेली नावं कितीही असोत, ती एक सही. आणि अर्ज कौन्सिलपुढे जायला किमान पंचवीस सह्या लागतात.

अशा वेळी दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर पास्कलने दहा मिनिटांत छापील पत्र काढलं असतं: अर्ज मिळाला, या कारणासाठी परत करीत आहोत, पुन्हा सादर करावा. अर्जाची नोंद झाली असती, पत्राची नोंद झाली असती, सगळं रीतसर. पण युनिसबायला टाऊनच्या शिक्क्याचं पत्र पाठवायचं? जिच्या बेसमेंटमध्ये दोन हिवाळे काढले तिला ‘डिअर मॅडम’ लिहायचं? त्यापेक्षा रविवारी मिस्सा झाल्यावर हळूच बाजूला घेऊन सांगू, सगळ्यांकडून नीट सह्या करून घेऊ, असं त्याने ठरवलं. नोंद केली नाही, कारण नोंद केली की पत्र काढावंच लागतं. कागद लिफाफ्यात घातला आणि लिफाफा गाडीच्या कप्प्यात ठेवला. आयुष्यात एकदाच त्याने नियमाला बगल दिली, आणि ती माया म्हणून दिली. माझा राग आहे तो यावरच. माया करायची तर पुरी करावी.

त्या रविवारी युनिसबाय चर्चला नव्हती. भाच्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ब्रॉसार्डला गेली होती. पुढच्या रविवारी ती होती, पण पास्कलला क्रिस्टाने कॉफी वाटायला टेबलामागे उभं केलं. नोव्हेंबरात विंटर टायर बसवायला गाडी दिली तेव्हा कप्पा रिकामा करताना लिफाफा हातात आला. तोवर बजेटसाठी अर्ज घ्यायची मुदत टळून गेली होती. आता सांगून उपयोग काय, उन्हाळ्यात सांगू, असं म्हणून त्याने लिफाफा परत आत टाकला. युनिसबाय मात्र प्रत्येक रविवारी लोकांना सांगत होती की अर्ज दिलाय, कौन्सिलपुढे आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. पास्कल शेजारी उभा राहून कॉफी प्यायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मराठी मिस्सेला चालत येताना ग्लेन्डा लोपीसला पिकअप ट्रकचा आरसा लागला. ग्लेन्डा त्याच वस्तीत राहणारी, सहासष्ट वर्षांची, चर्चमध्ये आवाज लावून गाणारी बाई. ती बर्फाच्या ढिगावर आपटली आणि खुब्याचं हाड मोडलं. ट्रकवाला बिचारा थांबला, रडला, त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. चूक त्याची म्हणावी तर ग्लेन्डा रस्त्याच्या मधोमध होती, आणि ग्लेन्डाची म्हणावी तर ती जाणार कुठून?

फेब्रुवारीत युनिसबाय कौन्सिलपुढे बोलायला उभी राहिली. तिथे कोणाही रहिवाशाला आधी नाव नोंदवून पाच मिनिटं बोलता येतं. तिने चर्चला जायचा निळा कोट घातला होता. पुढे घोड्याच्या नालासारखं टेबल, त्यामागे मेयरबाई आणि आठ कौन्सिलर, एका बाजूला पास्कल आणि त्याचा लॅपटॉप. युनिसबाय तिच्या इंग्रजीत म्हणाली, की आम्ही ऑक्टोबरातच अर्ज दिला होता, सेहेचाळीस नावं होती, तुम्ही ऐकलं असतं तर माझी मैत्रीण आज चालत असती.

कौन्सिलर एकमेकांकडे बघायला लागले. कोणालाच आठवेना. आठवणार कसं? मेयरबाई पास्कलकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, ‘मिस्टर तुस्कानो, असा अर्ज आला होता का?’

युनिसबायही पास्कलकडे वळली आणि हसली, आपला माणूस उत्तर देणार म्हणून. पास्कलच्या तोंडातून जे निघालं ते हे: ‘त्याची नोंद नाही, युअर वर्शिप.’

शब्दाशब्दाने खरं. कायद्याच्या पुस्तकात ठेवलं तर एक काना इकडचा तिकडे करावा लागणार नाही. आणि चौदा वर्षांत त्या माणसाने याहून मोठं खोटं सांगितलं नव्हतं. मान खाली घालून त्याने ते टाइपही केलं, कारण स्टाफने दिलेलं उत्तर मिनिट्समध्ये लिहावं लागतं: अशा अर्जाची नोंद नसल्याचे स्टाफने सांगितले.

युनिसबायचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. ‘मग मी कुठे दुसरीकडे दिला असेल,’ ती म्हणाली आणि तिची दोन मिनिटं शिल्लक असताना खाली बसली.

त्यानंतर चर्चमध्ये लोक तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते समजून घ्यायला लागले. वय झालं, विसरते बिचारी, अर्ज पर्समध्येच राहिला असेल. ग्लेन्डाच्या लेकीने तेवढं सांगून टाकलं, की आंटीने काम अंगावर घ्यायला नको होतं. पास्कल तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. दर रविवारी युनिसबायला ‘कशी आहेस?’ विचारायचा. ती म्हणायची, ‘बरी आहे रे.’ मार्चच्या पहिल्या रविवारी तिचा मुलगा ॲलरॉय पार्किंगमध्ये पास्कलजवळ आला.

‘अंकल, मॉमची मेमरी टेस्ट बुक केलीय,’ तो म्हणाला. ‘स्पेशालिस्टकडे. शी इज नॉट हरसेल्फ. गॅस बंद केला का म्हणून रात्री तीनदा उठते. तिची गाडीची चावी मी काढून घेतलीय. त्या पेटिशनचं तर ती स्वतःच म्हणते, मी इमॅजिन केलं असेल.’

पास्कलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि पोट बिघडलंय असं क्रिस्टाला सांगितलं.

आता जुन्या वह्यांचं सांगायला हवं. डनफोर्ड मिल्सला पुढच्या वर्षी दीडशे वर्षं होणार, म्हणून कौन्सिलच्या जुन्या मिनिट्सची पुस्तकं स्कॅन करून आत काय आहे याची यादी करायची होती. ऑफिसातल्या तरुण पोरांना एकमेकांना जोडलेल्या वळणदार अक्षरातलं इंग्रजी वाचताच येत नाही, म्हणून ते काम पास्कलकडे आलं. हिवाळाभर तो दुपारी एक तास टाऊन हॉलच्या बेसमेंटमध्ये बसून शंभर वर्षांपूर्वीचं कौन्सिल वाचायचा. एरवी त्याला त्यात फार सुख वाटायचं. कॉन्स्टेबलला बूट घेऊन द्यावेत, कॅरीड. मोकाट गाई कोंडवाड्यात घालाव्यात, कॅरीड. रस्त्यावरची धूळ बसायला पाणी मारणाऱ्या माणसाने रविवारीही मारावं का, पुढच्या मीटिंगपर्यंत तहकूब. कुत्र्यांवरून भांडण तेव्हाही होतंच. पास्कलला वाटायचं, माणसं बदलतात, कौन्सिल तेच असतं.

मार्चच्या त्या आठवड्यात तो १९१२ च्या पुस्तकापर्यंत आला. एप्रिलच्या मीटिंगमध्ये एक ओळ होती: मिसेस हार्लो आणि इतर एकतीस जणांचा अर्ज, मिल रोडला लाकडी फळ्यांचा फुटपाथ करावा, कारण बर्फ वितळताना बायका-मुलांना तिथून जाता येत नाही. मिल रोड. पास्कल खुर्चीत सरसावला. मूळ अर्ज त्या पानाला चिकटवलेला होता. बत्तीस नावं, आणि सगळी एकाच अक्षरात.

पहिल्यांदा त्याला त्या मेलेल्या क्लार्कचाच राग आला. हा कसला क्लार्क, हे तर चालतच नाही. मग त्याने कागदाची कड बघितली. तिथे त्या क्लार्कने बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही नावं मिसेस हार्लोने शेजाऱ्यांसाठी लिहिली आहेत, ही सर्व माणसं माझ्या ओळखीची आहेत. खाली त्याची सही. पुढे कौन्सिलचा ठराव: अर्ज स्वीकारला, फळ्या टाकाव्यात, कॅरीड. मे महिन्यात काम पुरं झाल्याची नोंदही होती. पुढे कधी तरी गाड्यांसाठी रस्ता रुंद केला तेव्हा त्या फळ्या उखडल्या असणार.

पास्कल तिथे किती वेळ बसला कोण जाणे. सेहेचाळीस नावांपैकी पंचेचाळीस माणसं त्याच्या ओळखीची होती. कोणाच्या घरी बारशाला जेवला होता, कोणाच्या घरचं सोफा-टेबल त्याने उचलून नेलं होतं. नियम तेव्हाही असेल, नसेल. पण एक ओळ लिहून आपल्या नावाची सही त्याखाली करायची, एवढंच होतं. ते त्याला सुचलं नाही, आणि जे सुचलं ते गाडीच्या कप्प्यात होतं. त्या बेसमेंटमध्ये तो रडला, हे मला त्यानेच नंतर सांगितलं.

घरी जाऊन त्याने क्रिस्टाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजीच चिरत राहिली.

‘आधी युनिसबायकडे जा,’ ती शेवटी म्हणाली. ‘आत्ता जा. कोट घाल.’

पण पास्कलचं डोकं कारकुनाचं. जिथे खोटं बोललो तिथेच ते दुरुस्त व्हायला पाहिजे, नुसतं घरी जाऊन सांगितलं तर लोक म्हणतील की म्हातारीचं मन राखायला सांगतोय. कौन्सिलची मीटिंग दोन दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या साहेबीणबाईंकडे, टाऊन क्लार्क मिसेस हॉलोवेंकडे गेला, लिफाफा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला की फेब्रुवारीच्या मिनिट्समध्ये दुरुस्ती करायची आहे. मिसेस हॉलोवेंनी शांतपणे सगळं वाचलं.

‘पास्कल, नोंद नाही असं तू म्हणालास का?’

‘म्हणालो.’

‘मग मिनिट्स बरोबर आहेत. जे सांगितलं गेलं ते लिहिलंय. दुरुस्ती कसली?’ मग त्या थोड्या मऊ झाल्या. ‘लिफाफ्याचं बघावं लागेल. एचआरशी बोलावं लागेल. तू मीटिंगमध्ये काही बोलू नकोस.’

पास्कलने त्याच दुपारी रहिवासी म्हणून बोलण्यासाठी आपलं नाव नोंदवलं. फॉर्म त्यानेच भरला आणि त्यानेच स्वीकारला.

मीटिंगच्या संध्याकाळी मिनिट्स लिहायला दुसरी मुलगी बसली. पास्कल पब्लिकच्या खुर्चीत बसला, पहिल्यांदाच, आणि तिथून ते टेबल त्याला भलतंच उंच वाटलं. पार्किंग मीटर झाले, तळ्यावरच्या बदकांना ब्रेड घालायची बंदी झाली, मग त्याचं नाव पुकारलं. त्याने सांगितलं, की अर्ज मला मिळाला होता, अमुक तारखेला, मिसेस युनिस परेरांच्या हातून. त्या काहीही विसरलेल्या नाहीत. मी तो नोंदवला नाही, परत दिला नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितला नाही. जुन्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्सही त्याने वाटली. पाच मिनिटांतली साडेतीन लागली.

मेयरबाईंनी आभार मानले. एकाने ठराव मांडला की मिस्टर तुस्कानोंचं निवेदन माहितीसाठी स्वीकारावं. दुसऱ्याने सेकंड केला. फुटपाथचा विषय पुढच्या वर्षीच्या बजेटकडे पाठवला. कॅरीड. जन्मभराची अब्रू साडेतीन मिनिटांत निघाली आणि पुढचा विषय आइस रिंकच्या छपराचा होता.

तिथून तो सरळ युनिसबायकडे गेला. साडेआठ वाजले होते. दार ॲलरॉयने उघडलं. आत टेबलावर आयपॅड होता आणि त्यावर मीटिंग लाइव्ह दिसत होती, अजून छपराचंच चाललं होतं, म्हणजे त्यांनी सगळं बघितलं होतं. युनिसबाय फ्रीजपाशी उभी होती. फ्रीजच्या दारावर पिवळे कागद चिकटवलेले, तिच्या त्याच सुंदर अक्षरात: गॅस बघणे. सकाळची गोळी घेतली. मागचं दार. आज बुधवार.

‘आत ये,’ ती म्हणाली. पास्कल बूट काढून आत आला. तिने त्याला बस म्हटलं नाही.

‘मेयरला सांगितलंस आधी,’ ती म्हणाली. ‘मला नाही.’

‘चुकलं, युनिसबाय.’

‘दर रविवारी कशी आहेस विचारत होतास. मी कशी होते ते तुला माहीत होतं. मी माझ्याच डोक्याला घाबरून राहिले होते रे. देवाला म्हणायचे, पाय घे, डोळे घे, हे नको.’ तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर पास्कलला उभं राहणं सोपं गेलं असतं. ‘आता सांग. तो कागद मी कोणाच्या हातात दिला?’

‘माझ्या.’

‘ॲलरॉय, इकडे ये. ऐक. परत सांग.’

‘माझ्या हातात दिला, युनिसबाय. ऑक्टोबरात, सोमवारी, सकाळी. तू म्हणालीस, वेळेत आणलंय.’

‘ऐकलंस?’ ती मुलाकडे वळली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसला. ‘आता ती टेस्ट कॅन्सल कर. आणि माझी चावी दे.’

ॲलरॉयने आईकडे बघितलं, फ्रीजवरच्या कागदांकडे बघितलं. तो वाईट मुलगा नव्हता.

‘मॉम, लेट्स जस्ट कीप इट,’ तो म्हणाला. ‘आठ महिन्यांची वेट लिस्ट आहे. जस्ट टु बी सेफ. टेस्टच तर आहे.’

युनिसबाय पास्कलला म्हणाली, ‘ह्याला तूच समजाव.’

पास्कलने समजावलं. तारीख सांगितली, नियम सांगितला, लिफाफा कुठे होता ते सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ॲलरॉय प्रत्येक वाक्याला ‘आय नो, अंकल, आय नो’ म्हणत मान हलवत होता, आणि टेस्ट कॅन्सल करायला त्याचा फोन काही खिशातून बाहेर आला नाही.